देवबागला राहायचं कुठे?

डिसेंबरात आईला घेऊन मालवणला जायचं ठरलं तेव्हा रेल्वेची तिकिटं आधी काढली आणि राहायचं नंतर बघू म्हटलं. मग आठवडाभर घरात खलबतं. मुलाने तारकर्लीजवळचं एक रिसॉर्ट हेरलं होतं, कारण एकच, स्विमिंग पूल. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी देवबागच्या एका घराचा नंबर दिला होता. पुढे घरमालक राहतात, मागे माडांत चार खोल्या.

रिसॉर्टचं भाडं रात्रीला ८,५००. साडेसात हजारांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,०३०, आणि जादा गादीचे वेगळे. देवबागला दोन खोल्यांचे मिळून ३,६००, जेवणाचे ताटामागे वेगळे. आकडे बघून निकाल लागला असता, पण आईचा गुडघा मध्ये होता. तिला पायऱ्या नकोत, कमोड हवा, आणि रात्रभर गाडीत बसून आल्यावर लगेच पाठ टेकायला हवी.

कागदावर प्रश्न लिहून दोन्हीकडे फोन केला. कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. दहापर्यंत आम्ही दारात. रिसॉर्टची खोली दोनला मिळणार. ‘अर्ली चेक-इन अव्हेलेबिलिटीवर, मॅडम,’ हे वाक्य तीनदा ऐकलं. आवाज गोड होता, त्यात वाद नाही.

देवबागच्या काकू म्हणाल्या, ‘खोली रिकामी आसली तर उघडून देतंय, नायतर पडवीत बसा, चाय पिया.’ कमोडचं विचारलं. ‘आसा, पण धरूक काय नाय.’ त्यांना कुणी विचारलंही नव्हतं धरायचं! लगेच मुलाकरवी बाथरूमचा फोटो पाठवला. बादली, मग, आणि भिंतीवर पाल. पाल लपवायचंही न सुचणाऱ्या माणसांवर मी विश्वास टाकला. आईचा वॉकर सोबत घेतला.

सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या रात्री लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक बल्ब चालला, मोबाइल मेला. मुलगा पूलचं नाव काढून कुरकुरला, आणि खरं सांगते, त्या उकाड्यात मलाही एसी आठवला.

जेवणाचं मात्र बोलायलाच नको. आई साताऱ्याची, तिरफळ, म्हणजे माशाच्या कालवणात घालतात ते मसाल्याचं फळ, तिने जन्मात पाहिलं नव्हतं. बांगड्याच्या तिखल्यातलं एक चावलं आणि जीभ बधिर होऊन घाबरली. ‘अगो, ता चावचा नसता!’ म्हणत काकू धावत आल्या, सोलकढीची वाटी पुढे केली. नंतर दोघी तासभर ओसरीवर गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या. मालवणी आईला कितपत कळली देव जाणे.

तिसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर कोळी रापण, म्हणजे दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. मुलगा नुसता बघायला गेला आणि दोर धरून बसला. तासाभराने आला तो हाताला फोड आणि पिशवीत चार मासे घेऊन. त्यांनीच दिले म्हणे. काकूंनी तव्यावर घातले.

निघताना बिल वहीच्या पानावर आलं. खोल्या, ताटं, चहा, सगळं ओळीने. त्या चार माशांपुढे लिहिलं होतं, ‘फक्त तेल-मसालो, ४० रुपये’.