स्लॅबचं पाणी, माळवदाची माती

'साइटवर पर्यावरण सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं हो? झाडं लावायची, सोलर बसवायचं, एवढंच ना? आणि खर्च किती वाढतो?' जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्याला प्लॉट घेऊन बांधकाम काढणारे हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झाडं आणि सोलर हे घर उभं राहिल्यावरचं. काम चालू असतं त्या दिवसांत सोलापुरात पर्यावरण म्हणजे आधी पाणी, मग राडारोडा, मग धूळ. दुसऱ्या शहरात हा क्रम वेगळा असेल. इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, आणि टँकरनं विकत आणलेलं पाणी स्लॅबवरून उतरून शेजारच्या प्लॉटमध्ये मुरतं.

नवा स्लॅब पक्का व्हायचा तर काही दिवस ओला ठेवावा लागतो, आणि पाणी सगळ्यात जास्त जातं ते तिथंच. हिशोब करून बघा. 1000 चौरस फुटांच्या स्लॅबवर आळी (छोटे बांध घालून केलेले चौकोनी कप्पे) बांधून दोन इंच पाणी उभं केलं की पहिल्या भरण्यालाच साधारण 4,700 लिटर लागतात. उन्हानं दिवसाला एक सेंटिमीटर उडालं असं धरलं तर रोजचे 930 लिटर, चौदा दिवसांचे 13,000. म्हणजे एक थेंब न गळता साडेसतरा हजारांच्या पुढे. आणि गळतं तर नक्कीच. जिन्याच्या मोकळ्या चौकटीपाशी, कडेच्या बीमवर, कॉलमच्या सळ्या वर आलेल्या असतात तिथं. आळी दहा बाय दहा फुटांची केली की आणखी एक घोटाळा होतो: स्लॅब कुठंही आरशासारखा सपाट नसतो, त्यामुळे एका कोपऱ्यात दोन इंच पाणी आणि समोरचा कोपरा कोरडा पांढरा. कोरडा कोपरा भिजवायचा म्हणून पाइप चालू ठेवतात आणि खोलगट बाजूचं पाणी बांध फोडून जातं. आळी चार-पाच फुटांचीच करा.

त्याहून बरं म्हणजे पाणी उभंच करू नका. गोणपाट दुहेरी अंथरा, चिंब भिजवा आणि वर प्लॅस्टिकचा कागद टाकून कडा विटांनी दाबा, नाहीतर दुपारच्या वाऱ्यानं कागद शेजारच्या गच्चीवर जातो. सकाळी कागद एका कोपऱ्यात उचलून बघायचा. आतून थेंब लटकलेले दिसले तर ओल आहे. कागद कोरडा असेल तर पाणी द्या. एक जपायचं: आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे साखरेचं जुनं बारदान सहज मिळतं. ते आणलंत तर आधी स्वच्छ धुवा. साखरेनं सिमेंट जमायला उशीर होतो आणि स्लॅबची वरची कातडी भुसभुशीत राहते. खताच्या पोत्यांचंही तेच.

किती दिवस? आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस. कोरड्या, कडक उन्हाच्या हवेत किमान 10. पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान 10, आणि 14 पर्यंत न्यावं अशी शिफारस. आजकाल बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसीच असतं, तेव्हा गवंडी 'सात दिवस मारलं की बास' म्हणाला तरी पोत्यावर काय छापलंय ते वाचा.

पाणी मारण्याच्या आधीची चूक जास्त महाग पडते. उन्हाळ्यात सकाळी अकराला स्लॅब भरायला घेतला की तापलेल्या सळ्या, तापलेल्या प्लेटा आणि तापलेली खडी मिळून काँक्रीटचं पाणी ओढतात. घोटाई होते न होते तोच वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात. मग सिमेंटची पेस्ट ओतून त्या झाकतात, दोन पावसाळ्यांनी गळती लागते, कोबा फोडतात, पुन्हा करतात. एकाच छताला दोनदा सिमेंट, दोनदा पाणी, वर राडारोडा. काँक्रीट ओतताना त्याचं तापमान 40 अंशांच्या वर जाऊ नये. म्हणून संध्याकाळी पाचनंतर किंवा पहाटे काम काढा, खडीच्या ढिगावर आदल्या रात्रीपासून ओलं बारदान ठेवा, सळ्या-प्लेटांवर ओतण्याआधी पाणी शिंपडा (साचू मात्र देऊ नका), आणि घोटाई झाली की लगेच प्लॅस्टिक अंथरा.

कॉलमला पाइपानं पाणी मारणं हा तर निव्वळ देखावा. अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला पंधरा-वीस लिटर सहज जातं, कॉलमला लागतं किती आणि पायाशी चिखल होतो किती ते डोळ्यांनी दिसतं. डाळिंबाच्या बागेत घालतात तीच 16 मिलिमीटरची ठिबक नळी घ्या. कॉलमला गोणपाट गुंडाळा, सुतळीनं घट्ट बांधा, माथ्यावर ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर सोडा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकेक तास. दिवसाला 24 लिटर, बास. पाणी माथ्यावरच पडलं पाहिजे, ते गोणपाटातून आपोआप खाली उतरतं. बोअरच्या पाण्यातल्या बारीक वाळूनं, गाळानं ड्रिपर बुजतात, म्हणून टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर लावा आणि दर दोन दिवसांनी धुवा.

बोअरचं पाणी काँक्रीटमध्ये घालणार असाल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. लिटरला क्लोराइड 500 मिलिग्रॅमच्या आत, सल्फेट 400 च्या आत, पीएच 6 च्या खाली नको. लोखंड असलेल्या कामासाठी ही मर्यादा आहे. चवीवरून ठरवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आता राडारोडा. गावठाणातली जुनी घरं पाडून बांधायची असतात तिथं हा प्रश्न मोठा, कारण सोलापूरचं जुनं घर म्हणजे माळवद. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, वर हातभर पांढरी माती, खाली काळ्या दगडाच्या भिंती. जेसीबी लावून दोन तासांत आडवं केलं की यातलं सगळं एकमेकांत कालवतं आणि कुणाच्याच कामाचं उरत नाही. उलट क्रमानं उतरवा. आधी पांढरी माती पाट्यांनी काढून वेगळी ठेवा. वजन गेलं की मगच फळ्या, मग तुळया. मातीसकट तुळई ओढायला गेलं तर ती चिरते, आणि खाली उभ्या माणसाच्या जिवाला धोका तो वेगळाच. शेवटी दगड. घडीव दगड जोत्याला आणि कुंपणाला जातो, साग विकत घ्यायला सुतार दारात येतात. पांढरी माती मात्र जोत्याच्या भरावात टाकू नका. ती ओली झाली की दबते आणि वर्षभरात फरशी बसते.

नवीन खोदाईतही दोन ढीग हवेत: वरची काळी माती एकीकडे, खालचा मुरूम दुसरीकडे. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. ती भरावात गेली तर फरशीला आणि भिंतीला तडे ठरलेले. शेतकरी ती शेतात टाकायला नेतात. मुरूम तुमच्याच जोत्यात परत बसतो. ऑपरेटरला पहिल्या बकेटच्या आधी सांगितलं तर हे फुकट होतं, संध्याकाळी सांगितलं तर होत नाही.

विटांचे तुकडे गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्याला चालतात. जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी आयएस 383 या खडी-वाळूच्या मानकाप्रमाणे एम 25 (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) पर्यंतच्या आरसीसीत 20 टक्क्यांपर्यंत आणि एम 15 च्या खालच्या, कमी सिमेंटच्या भरडी काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरता येते, पण चुना, माती, प्लॅस्टरची सालं असलेली नव्हे.

विटा कुठल्या? शहराजवळ एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा 1,320 मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आहे, राखेला तोटा नाही. कोळशाच्या वीज प्रकल्पापासून 300 किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी, भाव इतर मालाहून जास्त नसेल तर, राखेच्या विटाच वापराव्यात असं 2021 ची केंद्राची अधिसूचना सांगते. फक्त घाईघाईत बाहेर काढलेला कच्चा माल ओळखा. वाळवून वजन केलेली 3 किलोची वीट 24 तास बुडवून पुन्हा तोला. 3 किलो 600 ग्रॅमच्या वर गेली तर गाडी परत पाठवा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या आणि कोपरे झडले, तरीही परत.

धुळीचं थोडक्यात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत सोलापूरही आहे. क्रश सँडच्या (दगड भरडून केलेल्या वाळूच्या) ढिगावर हिरवी जाळी टाकून उपयोग नाही, बारीक पीठ तिच्यातून उडतंच. ताडपत्री लागते. फरशी आणि ग्रॅनाइट कापताना ब्लेडवर पाण्याची बारीक धार हवी. गेटपाशी पंधरा-वीस फूट लांब, सहा इंच जाड मोठी खडी पसरा, टायरचा चिखल तिथंच झडतो, धुवायला पाणी लागत नाही.

मिक्सर धुतलेलं पाणी गटारात सोडू नका. ते चुनखडं असतं, हात जाळतं, आणि गटारात बसून दगड होतं. दोन बाय दोन मीटर, दोन फूट खोल खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून त्यात सोडा. रात्रीतून गाळ बसला की वरचं निवळ पाणी सकाळी पुन्हा मिक्सर धुवायला घ्यायचं.

खर्चाचं म्हणाल तर गोणपाट, ताडपत्री, ठिबक नळी आणि टाकीच्या तोंडाला पाऊण इंची मीटर, एवढीच खरेदी. मीटरचा आकडा रोज संध्याकाळी वहीत लिहा. काम तेवढंच आणि आकडा दुप्पट दिसला तर कुठंतरी पाइप फुटलाय किंवा रात्री नळ चालू राहिलाय. खरी अडचण पैशाची नाही. मजुरीच्या ठेक्यात 'पाणी मारणं मालकाकडे' अशी एक ओळ सर्रास असते, मालक नोकरीला जातो आणि दुपारी स्लॅब पांढरा पडतो. तेव्हा बोलणी करतानाच लिहून घ्या: गोणपाट कोण आणणार, दुपारी दोनला कोण भिजवणार, आणि मिस्त्रीच्या सुट्टीच्या दिवशी चावी कुणाकडे असणार.