मच्छिंद्रीला किती फूट लिहायचे?

आमच्याकडे येणारी कामं बहुतेक दुकानांच्या बिलांची, नाहीतर गुळाच्या अडत्यांच्या हिशेबाची. त्यामुळे एका बांधकाम सल्लागारानं पंचगंगेच्या पाणीपातळीचं काम आणलं तेव्हा बरं वाटलं. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले एक निवृत्त काका पावसाळ्यात रोज रात्री ब्लॉगवर पाण्याची नोंद लिहितात. त्या सगळ्या नोंदी खेचून तारीख आणि पातळी असा तक्ता हवा होता. साहेबांचा प्लॉट निळ्या पूररेषेच्या, म्हणजे जिच्या आत बांधकामाला मनाई असते त्या रेषेच्या, कडेला आहे, हे नंतर कळलं.

काकांना आधी फोन केला. "घ्या की," म्हणाले, "पर नुसतं आकडं उचलू नका, वाचा जरा."

पायथॉनची छोटीशी स्क्रिप्ट. फीडमध्ये शेवटच्या दहाच नोंदी, म्हणून मुख्य पानापासून मागं मागं जायचं, ४०४, म्हणजे 'पान नाही', आला की थांबायचं, आणि मध्ये दोन-दोन सेकंद दम खायचा, नाहीतर स्वस्तातला सर्व्हर बसतो. पहिल्याच पानावर मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह. काकांना होस्टिंग विकणाऱ्यानं हेडरमध्ये अक्षरसंच, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवलीत ते, सांगायची तसदीच घेतलेली नाही. मग पानं उतरवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी जुन्या नियमानं आयएसओ-८८५९-१ हा रोमन लिपीचा अक्षरसंच धरते आणि यूटीएफ-८ मधलं एकेक देवनागरी अक्षर तीन तुकड्यांत फुटतं. एका ओळीत सुटतं हे. पण दरवर्षी पैसे घेणाऱ्याला तेवढंही होऊ नये?

आकडे वाचायला त्रास नव्हता. पायथॉन देवनागरी ३९ थेट ३९ म्हणूनच घेतं. गोची होती फूट-इंचाची. काका ३९.१० लिहितात, म्हणजे ३९ फूट १० इंच. एक्सेल त्याचं ३९.१ करून टाकतं, आणि मग ते ३९.२ पेक्षा कमी ठरतं. म्हणून टिंबानंतरचा भाग मजकूर म्हणून वेगळा उचलला आणि १२ नं भागला. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ला धोका. तिथं आठ-नऊ इंचांची चूक चालत नाही. त्या चार ओळी मी अजून कुणालाही कौतुकानं दाखवतो.

एवढं करून तक्ता उघडला तर नेमके पुराचे दिवस रिकामे. पाणी बेतात असेपर्यंत काका फूट-इंच लिहितात. चढायला लागलं की आकडा गायब आणि नुसतं, "सुतारवाड्यातली माणसं हलवली." "जामदार क्लब गेला, आता गायकवाड वाड्याकडं." "मच्छिंद्री झाली." मच्छिंद्री ही कोल्हापूरकरांची पूर ओळखायची जुनी खूण. ऑगस्ट २०१९ मध्ये तर काही दिवस नोंदच नाही, लाईट नव्हती. नंतरच्या लांबलचक नोंदीत पातळी कुठंच नाही. कुणाच्या म्हशी कुठं बांधल्या, याची यादी आहे.

एक्सेलचं कमाल काढणारं सूत्र रिकामे चौकोन सोडून देतं. बंधाऱ्यावर त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या तक्त्यात मात्र लाईट जायच्या आधीचा आकडाच कमाल ठरला. बघणाऱ्याला वाटावं, पूर तसा बेताचाच होता.

मी 'मूळ वाक्य' असा तिसरा रकाना घातला, आणि त्या दिवसांचे आकडे जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या अहवालांतून घ्या, असं लिहून फाईल पाठवली. साहेबांचा फोन आला. "तो मजकूर काढा हो. अहवालात आकडे लागतात. मच्छिंद्री म्हणजे किती फूट, हे कोण विचारत बसणार?"

"कोल्हापुरात कुणालाही विचारा, साहेब," म्हटलं.

रकाना मी काढला नाही. पैसे त्याच संध्याकाळी आले, म्हणजे त्यांनी तो स्वतःच उडवला असणार. दोन क्लिकचं तर काम. अहवालाची प्रत मागावी असं माझ्या मनात घोळतंय. भागीदार म्हणतो, आपलं काम तक्त्यापुरतं. त्याचं घर सागरमाळावर आहे, पंचगंगा तिथवर काही चढत नाही.