हिस्टरी घेणारे अवचट

२७ जानेवारी, रात्री

आमच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी कुणीतरी लेखक डॉ. अनिल अवचटांचा फोटो टाकला, २०२२ साली आजच्याच तारखेला गेले ते, खाली नेहमीचे हात जोडलेले इमोजी, आणि त्यात आमच्या एका सर्जन मित्राची कमेंट, "माणूस ग्रेट, पण एमबीबीएसची एक सीट वाया गेली राव." गमतीत म्हणाला असेल, पण ते दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. ग्रुपवर काही लिहिलं नाही, तिथे काहीही लिहा, गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातं. म्हणून इथे.

माझं म्हणणं, सीट अजिबात वाया गेली नाही. ओतूरचा मुलगा, १९४४ चा जन्म, पुण्यात बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाला आणि प्रॅक्टिसमध्ये काही रमला नाही, हे खरं. पण आपल्याला वॉर्डात उभं करून सगळ्यात आधी काय शिकवतात? पेशंटची हिस्टरी घे, मधेमधे बोलू नको, डायग्नोसिस आधीच ठरवून प्रश्न विचारू नको, काम काय करतो विचार, घरी कोण कोण आहे विचार. ते या माणसाने जन्मभर केलं. आपण परीक्षेपुरतं केलं, आता पेशंट खुर्चीत बसायच्या आत पेन चालू होतं.

मी सांगलीत प्रॅक्टिस करतो, म्हणजे हळद काही मला नवीन नाही. मार्केट यार्डाकडच्या बायका खोकला घेऊन येतात, नखांत, पदराच्या काठाला, कानामागे ती पिवळी पूड, स्टेथो पाठीला लावला की तोही पिवळा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला तरी कडेला जरा राहतेच. अवचटांनी हळद कामगारांवर लिहिलेलं वाचलं आणि तेव्हापासून माझे प्रश्न वाढले, पॉलिशच्या ड्रमजवळ असता की निवडायला बसता, तोंडाला फडकं बांधता का, की बांधलं तर गुदमरतं म्हणून काढून टाकता. दोन मिनिटं जास्त जातात, बाहेरचे पेशंट कुरकुरतात, पण औषध काय द्यायचं हे पुष्कळदा त्या दोन मिनिटांतच कळतं.

हमाल, निपाणीच्या तंबाखूतल्या बाया, वाघ्या-मुरळी, विणकर, या सगळ्यांवर त्यांनी लिहिलं. पहिलं पुस्तक पूर्णिया, १९६९ चं, बिहारच्या दुष्काळी भागात जाऊन आल्यावरचं. लिहिण्याची पद्धत एकदम केसपेपरसारखी. लहान वाक्यं, विशेषणं जवळपास नाहीतच, मजुरी किती, ओझं किती, उचल कुणाकडून घेतली, दुखतं कुठे. रडवायचा प्रयत्न नाही आणि म्हणूनच वाचून झाल्यावर झोप लागत नाही. माझ्या मते 'माणसं' आणि 'संभ्रम' ही त्यांची खरी पुस्तकं, नंतरनंतरचं काही काही जरा गोडगोड वाटतं मला, चिमण्या, झाडं, नातवंडं, बायको म्हणते तूच म्हातारा आणि कडू झालायस. असेल.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी असायचा की हा माणूस प्रश्न मांडतो, उत्तर देत नाही. म्हणजे आमच्या भाषेत हिस्टरी घेतली, ट्रीटमेंटच नाही. मला तो थोडा पटायचाही. पण मग गर्दचं प्रकरण बघा. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच एक प्रकार, पुण्यामुंबईच्या पोरांपर्यंत पोचली, कॉलेजातली, झोपडपट्टीतली, चांगल्या घरातली, सगळी, अवचटांनी त्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. चालवलं कुणी तर त्यांच्या पत्नी सुनंदा, त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात सायकियाट्रिस्ट होत्या, मुक्तांगणमधले सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे. म्हणजे हिस्टरी नवऱ्याने घेतली, ट्रीटमेंट बायकोने दिली. १९९७ मध्ये त्या कॅन्सरने गेल्या. आता मुलगी मुक्ता ते काम बघते. तिथनं बरे झालेले लोकच पुढे तिथे नव्या पेशंटचे कौन्सेलर होतात, ही गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते, कारण दारुड्याने कितीही थापा मारल्या तरी समोरच्याने त्या सगळ्या आधी स्वतः मारलेल्या असतात.

आणि हो, घर सुनंदाच्या पगारावर चालायचं आणि हा हिंडून लिहायचा, हे दोघांनी ठरवून केलेलं. त्या काळात! आजही आमच्या ओळखीतल्या एखाद्या डॉक्टरने असं जाहीर केलं तर सासरचे रविवारी बैठक बोलावतील.

आता छंद. ओरिगामी, लाकडातली शिल्पं, बासरी, चित्रं, स्वयंपाक, फोटो, यादी संपत नाही. लोकांना वाटतं हा वेगळा कप्पा, गंभीर कामातून विरंगुळा म्हणून. मला नाही वाटत तसं. छंदांविषयी वाचताना जाणवतं की लाकडाचा तुकडा हातात घेतल्यावर पण हा माणूस हिस्टरीच घेतोय, रेषा कुठे वळल्यात, गाठ कुठे आहे, यातनं काय निघू शकतं, आणि मग त्याच्या कलाने घेतो. हमालाशी जसा बोलायचा तसाच. परीक्षा नाही, बक्षीस नाही, मी मोठा कलाकार हा आव नाही. आमच्या सर्कलमध्ये आता पन्नाशीनंतर गिटार घेतात, सहा महिन्यांत हॉल बुक करून प्रोग्रॅम, आम्हाला सगळ्यांना जावं लागतं, शिवाय फोटो.

ओरिगामी मात्र मी उचलली. त्यांच्याबद्दल सगळेच सांगायचे की खिशात कायम कागद, गप्पा मारता मारता हात चालूच, आणि झालेली वस्तू समोरच्या पोराला देऊन मोकळे. मला एकच येतं, पंख हलवणारा पक्षी. चौकोनी कागद, आधी कर्णावर घडी, मग मधोमध, नखाने दाबून पक्की करायची, मग ते पाकिटासारखं उघडून चपटं करायचं, तिथे नवीन माणसाची हमखास फसगत होते. शेवटी मान खाली वाकवायची, छातीशी धरून शेपूट ओढली की पंख हलतात. औषध कंपन्या जी राइटिंग पॅडं वाटतात त्यांचे कागद मी चौकोनी कापून ड्रॉवरमध्ये ठेवलेत. इंजेक्शनच्या भीतीने भोकाड पसरलेलं पोर पहिल्या दोनतीन घड्यांपर्यंत रडतं, मग तोंड उघडंच पण आवाज बंद, काय करतोय हा म्हणून बघत राहतं. परवा एकाने इंजेक्शन घेतलं, पक्षी घेतला, आणि दारातनं परत येऊन म्हणाला, दादाला पण एक द्या, त्याला पण ताप होता. नव्हता ताप. आई मागून डोळे वटारत होती. दिला.

आमच्या कंपाउंडरचं म्हणणं, सर, यानं लाइन थांबते. थांबते खरी. आता औषध कंपनीचा एमआर आला की त्याच्याकडे नवीन पॅड मागायचंय, या वेळी पातळ कागदाचं, मागचं फारच जाड होतं, मान वाकवतानाच फाटायचं.