पांदणीत ठप्प होणारी बॅटरी: बीएमएस उगाच बदनाम

सायकलला मोटर बसवली आहे. मोटरला ९ आणि मागच्या चाकाला १८ दात्यांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), ही ९:१८ ची जोडणी डांबरी रस्त्यावर पास झाली. मोटर एमवाय१०१६झेड२, २४ व्होल्ट, २५० वॅट. शाफ्टचे मिनिटाला ३०० फेरे, त्याचे निम्मे चाकाला, २८ इंची चाकाचा घेर २.२ मीटर, म्हणजे ताशी १९-२० किलोमीटर. रस्त्यावर तेवढेच मिळतात.

घोडं अडलं पांदणीत. कॅरिअरवर एक पोतं, खाली भुसभुशीत काळी माती, की दोन-तीनशे मीटरवर सगळं बंद. स्विच बंद-चालू केला की पुन्हा सुरू.

अशा वेळी आधी थ्रॉटलवरचे दिवे बघा. दिवे लागलेले आणि मोटर थांबलेली, तर कंट्रोलरने (मोटरला करंट देणाऱ्या डब्याने) तोडलं. दिव्यांसकट सगळं गेलं, तर बीएमएसने, म्हणजे सेल वाचवायला बॅटरी तोडणाऱ्या सर्किटने. इथे बीएमएस होता. पण म्हणून दुप्पट अँपिअरचा बीएमएस आणून बसवणं म्हणजे फ्यूज उडतो म्हणून तिथे खिळा ठोकणं.

पॅक ३२६५० आकाराच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा, ८एस२पी, म्हणजे दोन-दोन सेलचे आठ गट सिरीजमध्ये, १२ अँपिअर-तास. नुसतं मोजलं तर आठही गट ३.३० व्होल्ट. एलएफपी इथेच फसवतं, लोड नसताना आजारी गटही ठणठणीत दिसतो. लोडसाठी मोटारसायकलचे नाही, कारच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ६०/५५ वॅटचे दोन एच४ बल्ब घ्यायचे. प्रत्येकाच्या दोन्ही फिलामेंट एकत्र बांधायच्या आणि दोन्ही बल्ब सिरीजमध्ये जोडायचे. साधारण १० अँपिअर ओढतात. बल्ब विटेवर ठेवा, मिनिटभरात बंद करा, फार तापतात.

लोडवर सात गट ३.१८, पाचवा २.६८. सेलच मेला असं वाटेल, पण मल्टीमीटरची एक टोकणी सेलच्या बोल्टवर आणि दुसरी सेल जोडणाऱ्या पट्टीवर धरली, तर तिथेच ०.५ व्होल्ट पडत होते. १० अँपिअरला ५ वॅट उष्णता एका नटाखाली! पट्टीला बोट लावलं तर चटका. पांदणीत करंट १८ वर गेला की तो गट २.१८ वर येतो, आणि बीएमएसचा कट-ऑफ २.२. तोडणारच बिचारा.

कारणं दोन. गचक्यांनी नट सैल झाला होता. आणि 'शुद्ध निकेल' म्हणून विकलेली पट्टी आतून लोखंडी निघाली. पट्टी घेतली की एक टोक कानसने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी गंज दिसला तर परत करा. आता तांब्याची पट्टी, १० मिमी रुंद आणि अर्धा मिमी जाड, प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर. नट जोर लावून आवळू नका, सेलचे आटे लगेच मरतात. पाचवा गट लोडवर ३.१७. हा आकडा दोनदा मोजून बघितला, मजा आली.

पण १८ अँपिअर हे मूळ दुखणं राहतंच; १२ अँपिअर-तासाचा पॅक त्यात चाळीस मिनिटांत रिकामा. ३६ व्होल्टवर जायचं ठरलं होतं, ते रद्द. वेग दीडपट, म्हणजे ३०, होतो आणि २५ च्या वर गेलं की नोंदणीची सूट जाते. शिवाय तेवढ्याच ओढीला करंट तेवढाच लागतो. ओढ हवी तर गिअर बदला. ९ च्या खाली मोटरचं स्प्रॉकेट नको, चेन खाते. मागे १८ ऐवजी २२ दाती केलं तर वेग १६, पण पांदणीतला करंट १५ च्या आसपास येतो.

अडचण अशी की मोटरची चेन डाव्या बाजूला आहे. साधा फ्रीव्हील (एकाच दिशेने पकडणारं मागचं दातेरी चक्र) तिथे चालत नाही, त्याची पकड उलटी आणि आटेही सुटतात. डाव्या आट्याचे १६-१८ दाती मिळतात, २२ चा मिळेना. म्हणून १८ चा उघडायचा, छर्रे, पॉल (पकडणारे खटके) आणि स्प्रिंगा काढून फक्त बाहेरच्या कड्यावर २२ ची रिंग वेल्ड करायची. न उघडता वेल्ड केलं तर स्प्रिंगांचं पाणी उतरतं.

हे लिहिता लिहिता सुचलं: वेल्डऐवजी सहा एम५ बोल्ट मारले तर वावरासाठी २२ आणि बाजारासाठी १८, दोन्ही होतील. चेनची लांबी मात्र जुळवावी लागेल, मोटर धरणाऱ्या पट्टीला लांबट भोकं पाडून. आधी तेच करतो.

चार्जिंग तूर्त पहाटे. मे महिन्यात दुपारी टिनाखाली ४५ अंशांच्या वर तापतं, तेव्हा चार्जर लावू नका.