पायरी नेमकी केवढी असावी?

रविवार, रात्र

मोठ्या कामाचे तुकडे करा, असं सगळेच सांगतात. तुकडा केवढा, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि सगळी गाडी तिथेच अडते. ‘प्रबंध पूर्ण करणे’ याचे वाचन, आराखडा, लेखन, तपासणी असे चार भाग पाडले, तर हातात चार मोठी कामंच येतात. ‘वाचन’ कुठे संपतं? त्याला शेवटच नाही, म्हणून त्यावर कधी काट मारता येत नाही.

पायरी खरी आहे की नाही, हे पाहायला मी दोन प्रश्न पुरेसे मानतो. बसल्याबसल्या पहिली हालचाल काय करायची? आणि झालं, हे कशावरून कळणार? ‘संदर्भ बघणे’ इथेच नापास होतं. ‘दुसऱ्या प्रकरणासाठीचा पहिला लेख वाचून त्यातले तीन मुद्दे वहीत उतरवणे’ पास होतं. एका बैठकीत, साधारण २५ ते ५० मिनिटांत संपेल एवढंच माप धरावं. त्याहून मोठं वाटलं तर आत अजून एखादी पायरी दडलेली असते, बहुधा ‘आधी ठरवायला हवं’ अशा प्रकारची. ठरवणं हीसुद्धा वेगळी पायरी म्हणून लिहावी.

यामागे चांगला पुरावा आहे. १९८१ साली अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी वजाबाकीत मागे पडलेल्या मुलांना ४२ पानांचा सराव सात बैठकांत दिला. काहींना दर बैठकीला सहा पानं असं लक्ष्य सुचवलं, काहींना फक्त शेवटचा ४२चा आकडा. सरावाचं साहित्य तेच, तरी सहा पानांचं लक्ष्य असलेली मुलं स्पष्टपणे पुढे गेली, त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि गणिताची गोडीही. नुसत्या दूरच्या लक्ष्याचा उपयोग जवळजवळ काहीच झाला नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता हिशेब. समजा प्रबंध ४०,००० शब्दांचा, लिहायचे दिवसाला ५००, आठवड्याचे पाच दिवस: १६ आठवडे. हा फक्त कच्चा खर्डा. दुरुस्ती, तक्ते, संदर्भसूची यांना वेगळा वेळ लागतो. आपण वेळेचा अंदाज कायम कमी धरतो; कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या चुकीला नाव दिलं होतं. म्हणून अंदाज इच्छेवरून बांधू नये. असंच आधीचं काम प्रत्यक्षात किती दिवस चाललं, त्यावरून बांधावा.

उलट टोकाची चूकही होते. पहिल्याच दिवशी शेवटपर्यंतच्या दोनशे पायऱ्या लिहून काढल्या, तर महिन्याभरात निम्म्या निरुपयोगी ठरतात, कारण काम पुढे सरकताना त्याचं रूप बदलतं. पुढचे दोन आठवडे बारीक लिहावेत, बाकीचं ढोबळ राहू द्यावं. जिथे दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावी लागणार, ती पायरी मात्र कितीही लांबची असली तरी आधी उरकावी.

पायरीला वेळ आणि जागाही जोडावी: ‘दात घासून झाले की टेबलाशी बसून तक्ता क्रमांक दोन भरणे.’ एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी १,००० शब्द लादू नयेत. ते होत नाहीत आणि मग तिसरा दिवसही बुडतो. ५००च ठेवावेत, शेवटची तारीख एक दिवस पुढे सरकवावी. तीच पायरी लागोपाठ तीनदा राहिली, तर ती पुन्हा फोडायला घ्यावी.