जवळ गेलो म्हणून दिसतंच असं नाही

सॉफ्टबॉलमध्ये बेस अंपायरिंग, म्हणजे बेसजवळ राहून आउट-सेफ देण्याचं काम, सुरू केलं तेव्हा मला वाटायचं प्लेच्या जितकं जवळ तितकं बरं, त्यामुळे थ्रो निघाला की मी सरळ बेसकडे धावत सुटायचो. एका मॅचला सेकंड बेसवर टॅग (हातातल्या बॉलने रनरला स्पर्श करून आउट करणं) होता, मी जेमतेम पाच-सहा फुटांवर, आणि ऐन वेळी शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फील्डर) अशी वळली की तिची पाठच समोर आली. ना ग्लव्ह दिसला ना रनरचा पाय, आणि मी अंदाजाने आउट देऊन टाकला. रनर सेफ होती. तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो.

तेव्हापासून आधी अँगल, मग अंतर. फोर्स प्लेला (रनरला पुढच्या बेसवर जावंच लागतं आणि बॉल तिच्या आधी तिथे पोचला की ती आउट) थ्रोच्या रेषेशी साधारण 90 अंशात, 15-18 फूट लांब उभं राहायचं. एवढं लांब कशाला, तर पाय बेसला लागणं आणि बॉल ग्लव्हमध्ये शिरणं दोन्ही डोळ्यांनी एकदम पकडता येत नाही, म्हणून नजर बेसवर ठेवायची आणि बॉलचा थप्प आवाज कानाने टिपायचा. टॅगला मात्र 10-12 फुटांपर्यंत आत जायचं, रनरच्या वाटेला काटकोनात, बेसच्या जरा अलीकडे, तिथून ग्लव्ह आणि अंग यांच्यातली फट दिसते. ती फट दिसली तरच कॉल खरा.

दोनच अंपायर असतील आणि बेस रिकामे असतील तर सुरुवात फर्स्ट बेसच्या मागे, फाउल लाईनच्या बाहेर. बॉल आउटफिल्डला गेला की पळत डायमंडच्या (चार बेसच्या चौकोनाच्या) आत शिरायचं आणि वळून बॅटर-रनरने (बॉल मारून पळणारीने) फर्स्टला पाय लावला का ते बघायचं, बॉल इनफिल्डमध्येच असेल तर डायमंडच्या बाहेरच राहायचं. आत-बाहेरचं हे गणित अंगात मुरायला मला अख्खा सीझन लागला, कारण दोन बेसमध्ये 60 फूटच अंतर, विचार करत बसायला वेळच नसतो. फास्टपिचमध्ये (सॉफ्टबॉलचा जोरात बॉल टाकायचा प्रकार) रनर बेसवर असेल तर पिचरच्या हातातून बॉल सुटायच्या आधी तिने बेस सोडला का हेही आपणच बघायचं.

आणि थ्रो पोचायच्या आत थांबायचं. पळताना नजर हलते, त्यामुळे दोन पावलं कमी पडली तरी चालतील पण कॉलच्या क्षणी पाय जमिनीवर स्थिर हवेत. मग ग्लव्हमध्ये बॉल अजून आहे ना ते बघायचं, आणि मगच हात वर.