रॅकपासून प्रोजेक्टरपर्यंत १५ मीटर एचडीएमआय

मंडळी, थिएटरच्या खोलीचं काम एका टप्प्याला आलं आहे. पीओपीवाला फॉल्स सीलिंग बंद करायच्या आत रिसीव्हरपासून (सगळ्या उपकरणांचं चित्र-आवाज एकत्र घेणारा डबा) प्रोजेक्टरपर्यंतची एचडीएमआय केबल, म्हणजे चित्र आणि आवाज नेणारी तार, ठरवून, तपासून, ओढून व्हायला हवी होती. ती झाली. स्पीकर आवडला नाही तर विकता येतो, प्रोजेक्टरही बदलता येतो, पण छतात गाडलेली केबल बिघडली तर छत फोडावं लागतं. म्हणून या एका वस्तूवर मी खूप वेळ घालवला, आणि त्यातून जे हाती लागलं ते सविस्तर लिहितो आहे.

आधी मोजमाप. खोली पुण्यातल्या फ्लॅटमधली, १८ बाय १२ फूट, उंची १० फूट. रिसीव्हर आणि बाकी उपकरणांचा रॅक पडद्याखाली डाव्या कोपऱ्यात, प्रोजेक्टर मागच्या बाजूला छताला. केबल किती लागेल हे खोलीच्या लांबीवरून काढू नका. मी सुतळी घेऊन प्रत्यक्ष जाणार त्या वाटेनं लावून पाहिली. रिसीव्हरच्या पाठीपासून छतापर्यंत ८ फूट, बाजूच्या भिंतीलगत मागे १४, तिथून खोलीच्या मध्यावर ६, खाली प्रोजेक्टरपर्यंत १. झाले २९ फूट. रिसीव्हर रॅकमधून पुढे ओढून मागच्या जोडण्या करता याव्यात म्हणून तिथे ४ फूट मोकळे, प्रोजेक्टरपाशी ३. एकूण ३६ फूट, म्हणजे जेमतेम ११ मीटर. बाजारात १० नंतर सहज मिळते ती १५ मीटरचीच. १० मीटरची ताणून बसवण्याचा विचारही करू नये. ताणलेल्या केबलचा सगळा भार प्रोजेक्टरच्या पोर्टवर येतो, आणि त्या पोर्टची दुरुस्ती केबलपेक्षा कितीतरी महाग.

आता ११ मीटर हे अंतर नेमकं अडचणीचं का, ते आकड्यांतच बघू. ४के चित्र ३८४० बाय २१६० पिक्सेलचं, पण तारेतून जाणारी चौकट त्याहून मोठी असते. कडेची रिकामी जागा धरून ती ४४०० बाय २२५० होते. सेकंदाला ६० चौकटी म्हणजे ५९.४ कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलचे तीन रंग, प्रत्येक रंगाचे ८ बिट, आणि ते पाठवताना ८ चे १० होतात. गुणाकार केला की सेकंदाला १७.८२ गिगाबिट येतात. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट का, याचं उत्तर याच गुणाकारात आहे. हा सगळा माल तांब्याच्या तीन जोड्यांतून जातो, दर जोडीला जवळपास ६ गिगाबिट. इतक्या वेगाचा प्रवाह तांब्याच्या फक्त पृष्ठभागावरून वाहतो आणि तारेभोवतीचं प्लॅस्टिकही त्यातली ऊर्जा खातं. लांबी वाढली की लहरींच्या कडा बोथट होत जातात आणि पलीकडच्या चिपला शून्य कोणतं, एक कोणतं हे ओळखता येईनासं होतं. साध्या तांब्याच्या केबलवर १८ गिगाबिटसाठी ५ मीटरपर्यंत मी निर्धास्त असतो. २४ गेजची जाडजूड केबल ७-८ मीटर ओढते, पण ती इतकी ताठ असते की पाइपच्या बेंडमधून वळता वळत नाही. १५ मीटरला तो विषयच सोडून द्यावा.

याच हिशोबातली दुसरी बाजू बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ४के सिनेमा ८ बिटमध्ये ८.९१ गिगाबिट घेतो, आणि १२ बिट पूर्ण रंगात पाठवला तरी १३.३७ च्या वर जात नाही. म्हणजे ब्लू-रे प्लेयरवरचा सिनेमा केबलवर पूर्ण ताण टाकतच नाही. ताण येतो तो स्ट्रीमिंग बॉक्सचा मेनू, क्रिकेटचा सामना आणि गेम कन्सोल यांच्याकडून, कारण ते ६० वर चालतात. ‘सिनेमे नीट दिसतात पण मेनूवर आलं की स्क्रीन काळी होते’ अशी तक्रार आली की मी आधी केबलवर संशय घेतो.

पर्याय चार होते. पहिला, चिप बसवलेली तांब्याची ॲक्टिव्ह केबल. ती १०.२ गिगाबिटला १५ मीटर आरामात जाते, पण पूर्ण १८ ला काठावर असते. काठावरची वस्तू छतात टाकायची नाही, म्हणून बाद. दुसरा, एचडीबेसटी. दोन्ही टोकांना डबे आणि मध्ये साधी कॅट ६ए, म्हणजे इंटरनेटसाठी वापरतात तसली केबल. याचं मोठं बळ म्हणजे तार बारीक, आरजे४५ चं टोक जागेवरच लावता येतं, आणि अंतर १०० मीटरपर्यंत नेता येतं. मोठ्या बंगल्यात, वरच्या मजल्यावरून खाली आणायचं असेल तर मी हाच घेईन. पण स्वस्त डब्यांत ४के ६० दाबून किंवा रंग कमी करून पाठवतात. पूर्ण १८ गिगाबिट न दाबता नेणारे एचडीबेसटी ३.० चे डबे महाग पडतात. शिवाय छताजवळ आणखी एक तापणारा डबा आणि त्याचा ॲडॉप्टर. तिसरा, वायरलेस. त्यात चित्र दाबलं जातं आणि खोली शेजारपाजारच्या वायफायच्या गर्दीच्या मर्जीवर राहते, म्हणून त्याकडे गेलोच नाही.

चौथा पर्याय ॲक्टिव्ह ऑप्टिकल केबल, आणि तोच घेतला. हिच्या रिसीव्हरकडच्या टोकात छोटे लेझर असतात. चित्राचा डेटा चार काचतंतूंतून प्रकाश होऊन जातो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा वीज होतो. काचेतून १५ मीटर म्हणजे काहीच अंतर नाही, त्यामुळे जास्तीची लांबी इथे त्रास देत नाही. तांब्यात प्रत्येक मीटर महाग, इथे उरलेले ४ मीटर मोठ्या वेटोळ्यात ठेवून दिले की झालं. केबल बारीक आणि मऊ असते. मात्र ती पूर्ण काचेची नसते हे ध्यानात ठेवा. प्रोजेक्टरची ओळख विचारणारी तार, सीईसी (एका उपकरणानं दुसरं सुरू-बंद करायची सोय), ५ व्होल्टची तार ही सगळी हळू कामं बहुतेक केबलींत तांब्यावरूनच चालतात. म्हणून ‘फायबर आहे, विजेचा धोका नाही’ हे अर्धंच खरं. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की मी रॅक आणि प्रोजेक्टर दोन्हींचे प्लग काढतो, ते तसंच चालू राहील.

हिला दिशा असते. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले असं छापलेलं असतं, आणि उलटी लावली तर चित्रच येत नाही. मी दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून ठेवली, कारण ओढताना छापील अक्षरं वाचायला कोणी थांबत नाही. टोकांतल्या चिपना वीज रिसीव्हरच्या ५ व्होल्टवरून मिळते. जुन्या उपकरणांत ती कमी पडू शकते, म्हणून काही केबलींना यूएसबीचं जादा शेपूट असतं. रिसीव्हर जुना असेल तर तसलीच बघा.

आता १८ की ४८? एचडीएमआय २.१ हे २०१७ चं, ४८ गिगाबिटचं. तपकीर गल्लीत विचारलं तर पहिल्याच दुकानात उत्तर आलं, “साहेब, आठ-केचीच घ्या, पुढची चिंता नको.” खोक्यावर ‘८के’ छापलेलं होतं, पण अल्ट्रा हाय स्पीडचं क्यूआर असलेलं प्रमाणित लेबल कुठेच नव्हतं. ४८ ची केबल घ्यायचीच असेल तर ते लेबल शोधा आणि दुकानातच एचडीएमआयच्या ॲपनं स्कॅन करा. ‘८के’ कोणीही छापू शकतं.

मी १८ गिगाबिटची घेतली. माझा प्रोजेक्टर १८ च्या वर काही घेतच नाही, आणि सेकंदाला १२० चौकटींचे गेम मला खेळायचे नाहीत. तुमचा प्रोजेक्टर ४के १२० घेत असेल आणि कन्सोल रोज चालत असेल तर तुम्हाला ४८ च हवी; तिथे पैसे वाचवू नका. पण ‘पुढे कधीतरी लागेल’ एवढ्याच कारणासाठी जास्तीचे पैसे केबलमध्ये घालणं मला पटत नाही. ते पैसे मी पाइपमध्ये घातले. केबल पुन्हा ओढून काढता येत असेल तर भविष्याची चिंता केबलनं करायची गरज उरत नाही.

पाइपबद्दल मात्र थोडं थांबून लिहितो, कारण खरा निर्णय तोच होता. वायरमन सवयीनं २५ एमएमचा पाइप आणि कोपऱ्याला एल्बो टाकतो. लाइटच्या वायरला ते पुरतं. एचडीएमआयचं डोकं मात्र प्लॅस्टिकच्या कवचासकट दोन सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतं, आणि लांबीला ताठ. सरळ पाइपमध्ये कदाचित घुसेल, एल्बोत अडकणारच. म्हणून ४० एमएमचा पाइप घेतला आणि एल्बो एकही नाही; जिथे वळण आहे तिथे लांब बेंड. काचतंतूला तीव्र वळण सोसत नाही, त्यामुळे हे दुहेरी उपयोगाचं झालं. टोक वेगळं करता येणाऱ्या केबलीही मिळतात. त्यांत पाइपमधून फक्त बारीक डोकं जातं आणि मोठं टोक नंतर बसवायचं. २५ एमएमचा पाइप आधीच गाडलेला असेल तर तोच मार्ग बघा. मला जोडणीत आणखी एक सांधा नको होता.

४० एमएमचा पाइप चार इंची भिंतीत झिरी मारून बसवायचा नाही. निम्मी भिंत कोरली जाते. आणि बीमला किंवा कॉलमला तर हात लावूच नका, वायरमन कितीही म्हणाला तरी. आमच्याकडे पडद्याच्या बाजूला लाकडी पॅनलिंग होणार होतंच, म्हणून उभा पाइप भिंतीवरूनच नेऊन पॅनेलच्या मागे घेतला. आडवा पाइप सगळा फॉल्स सीलिंगच्या वर, क्लिपनं स्लॅबला. प्रोजेक्टरची लाइटची लाइन दुसऱ्या पाइपमधून, खोलीच्या दुसऱ्या बाजूनं आली. फॉल्स सीलिंगच्या वर उंदीर फिरतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना उघडी केबल का नको ते सांगायला नको.

ओढण्याआधी चाचणी. केबल फरशीवर मोठ्या वेटोळ्यांत पसरून दोन्ही टोकं जोडली आणि कित्येक संध्याकाळी तशीच वापरली. ही पायरी गाळू नका. कन्सोलवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) बंद करून ४के ६० आरजीबी, म्हणजे तिन्ही रंग पूर्ण, लावलं, मग एचडीआर चालू केलं. १८ च्या जोडणीवर एचडीआरमध्ये कन्सोल आपोआप ४:२:२ वर, म्हणजे रंगाची माहिती कमी करून पाठवण्यावर, येतो. ४के ६० ला १० बिट आरजीबी म्हणजे २२ गिगाबिटच्या वर जातं, ते या जोडणीत मावत नाही. ४:२:२ चा भार मात्र ८ बिट आरजीबीएवढाच, तोच १७.८२. म्हणजे दोन्ही प्रकारांत केबल पूर्ण ताणावर राहिली. ॲपल टीव्ही असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय जोडणी तपासायची सोय आहे. ती वापरली, पास झाली.

काय बघायचं तेही सांगतो. काळोख्या दृश्यात पांढरे ठिपके चमकले तर डेटाच्या जोड्या काठावर आहेत. चित्र एकदोन सेकंद जाऊन परत येत असेल तर जोडणी तुटून पुन्हा जुळते आहे, किंवा कॉपीराइटची तपासणी फसते आहे. ४के चा पर्यायच दिसत नसेल तर ओळख विचारणारी तार तपासा. पण सिनेमा सुरू होताना ६० वरून २४ वर जाताना स्क्रीन क्षणभर काळी होते, तो बिघाड नाही. आणि चित्र थोडं मवाळ, रंग थोडे फिके, काळा थोडा राखाडी, यांतलं काहीही केबलमुळे होत नाही. डेटा पोचतो किंवा पोचत नाही. महागड्या केबलनं काळा रंग गडद होतो असं कोणी सांगितलं तर त्या पैशात खोलीला गडद पडदे शिवा, फरक लगेच दिसेल.

माझ्या केबलनं एकही ठिपका दाखवला नाही. मग ओढली. टोकाला फोमची पट्टी गुंडाळून वर टेप, आणि ताण टोकावर येऊ नये म्हणून दोरी मागे केबलच्या अंगाला बांधली. वायरमनची स्प्रिंग आधी घालून तिनं दोरी आणली, दोरीनं केबल. एकजण प्रोजेक्टरकडून ओढायला, दुसरा रॅककडून हलकेच आत सारायला. डोकं पाइपमध्ये जाताना कोपऱ्यावर घासणार नाही एवढी काळजी घेतली, बाकी ती सरसर गेली. सोबत एक कॅट ६ए आणि एक रिकामी नायलॉनची दोरी टाकून ठेवली आहे. उद्या ४८ ची लागली तर ती दोरी बांधून नवी केबल येईल, किंवा या केबलनं मान टाकली तर तोवर कॅट ६ए वर एचडीबेसटी लावता येईल.

ओढल्यानंतर तीच सगळी चाचणी पुन्हा केली, कारण ओढताना काय होतं ते डोळ्यांना दिसत नाही. १७.८२ वर तशीच स्वच्छ. सीईसीनं रिसीव्हर सुरू केला की प्रोजेक्टरही सुरू होतो, म्हणजे तांब्याच्या तारा शाबूत आहेत. ईएआरसीची, म्हणजे पडद्याकडून आवाज उलट रिसीव्हरला आणायच्या सोयीची, मला गरज नाही. आवाज रिसीव्हरवरच उतरतो, प्रोजेक्टरकडून परत यायचं काही नाही. पण प्रोजेक्टरच्या ऐवजी भिंतीवर स्मार्ट टीव्ही असेल आणि त्याच्याच ॲपवरून आवाज रिसीव्हरला आणायचा असेल, तर घेण्याआधी केबलवर ईएआरसी लिहिलेलं आहे का ते बघा. सगळ्या ऑप्टिकल केबलींत ते चालत नाही.

पीओपीवाल्याला बेंडच्या खाली दीड बाय दीड फुटाची उघडझाप होणारी झडप ठेवायला सांगितलं आहे. उरलेल्या केबलचं वेटोळंही तिथेच बसेल. झडपेची चौकट आली की छत बंद होईल, आणि मग बाजूच्या भिंतींवर ध्वनिशोषक पॅनेल कुठे लावायचे याची मोजणी सुरू करतो.